निकामी डिस्कसंचांतून दप्तराचा उद्धार

१. प्रास्ताविक

जुनीं दप्तरें, पोथ्या, बखरी व सनदा यांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकाच्या साह्यानें जतन करण्याची चाल आतां संशोधकांत व संग्राहकांत सर्वत्र पडली आहे. कागदास कसर लागते, वाळवी लागते, पावसाळ्यांत बुरशी चढते. छायाचित्रास यांपैकीं कशाचेंहि भय नाहीं, अशी सामान्य समजूत आहे. परंतु तें छायाचित्र ज्या पेटींत राहतें ती पेटीहि नाशवंतच होय. कागद काठाकडून हळूहळू झिजतो व झिजतांना दिसतो. पेटीचा नाश बहुधा एका रात्रींत होतो आणि होईपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

असा प्रसंग आमच्या परिचयाच्या एका संग्राहकांवर आला. त्यांच्या पेटींत एका जुन्या वाड्यांतील मोडी कागदांचीं छायाचित्रें होतीं. छायाचित्रें घेऊन झाल्यावर पुढील पावसाळ्यांत त्या वाड्याचा पोटमाळा बसला, रुमाल भिजले, व मूळ कागदांचा लगदा झाला. अर्थात् पेटींतील छायाचित्रें हीच त्या कागदांची जगांतील एकमेव प्रत उरली. आणि नंतर ती पेटीहि बंद पडली. तींतून कागद परत मिळविण्याच्या कामीं आम्हांस हात लावावा लागला. त्या कामाची रीत, तिच्यामागील तत्त्व व तिच्या मर्यादा संग्राहकांस ठाऊक असाव्यात, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे. यंत्रशास्त्राचा परिचय वाचकांस असलाच पाहिजे असें नाहीं. एकाच ग्रंथाच्या अनेक त्रुटित प्रतींवरून मूळ पाठ कसा ठरवितात हें ज्यांस माहीत आहे, त्यांस हें काम समजण्यास अडचण पडूं नये.

२. डिस्क व डिस्कसंच

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या व वेगानें फिरणाऱ्या तबकड्यांची बंद डबी. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं या जातीचें जें पहिलें यंत्र बाहेर काढलें त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, व त्या सर्वांवर मिळून ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहातावर राहील अशा एका डिस्कमध्यें ४ टेराबाइट, म्हणजे ४ लक्ष कोटि बाइट, सहज मावतात. तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यावरील मजकूर वाचणारें हेड तिला न टेकतां, केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनहि कमी अंतरावर तरंगत असतें. इतक्या नाजूक यंत्रास कधीं ना कधीं मरण आहे हें गृहीतच धरलें पाहिजे.

एक डिस्क मेली तरी मजकूर वांचावा, यासाठीं अनेक डिस्क एकत्र जोडण्याची युक्ति निघाली. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनीं १९८८ सालीं एक निबंध प्रसिद्ध करून अशा संचांचे प्रकार ठरविले व त्यांस ‘रेड’ हें नांव दिलें. स्वस्त डिस्कांचा, कांहीं जादा नोंद राखणारा संच, असा त्या नांवाचा मूळ अर्थ. पुढें ‘स्वस्त’ या शब्दाच्या जागीं ‘स्वतंत्र’ हा शब्द रूढ झाला. असा संच एका पेटींत बसवून ती पेटी घरच्या अथवा संस्थेच्या नेटवर्कास जोडली म्हणजे तिला ‘नॅस’ म्हणतात. या पेटीच्या आंत एक लहान संगणकच असतो, व पुष्कळ पेट्यांत तो लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतो. ही गोष्ट उद्धाराच्या कामीं फार उपयोगी पडते. पेटी जळाली तरी तींतील डिस्क बाहेर काढून लिनक्स चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावर वाचतां येण्याचा संभव त्यामुळें राहतो.

३. ताळ्याचें तत्त्व

जमाखर्चाच्या वहींत तीन रकमा व त्यांची बेरीज लिहिलेली आहे, आणि त्यांपैकीं एक रक्कम कसरीनें खाल्ली आहे, असें समजा. उरलेल्या दोन रकमा बेरजेंतून वजा केल्या कीं गेलेली रक्कम हातीं येते. डिस्कसंचाची सगळी करामत एवढ्याच तत्त्वावर उभी आहे. फरक इतकाच कीं, संगणकाची लिपि १ व ० या दोनच अंकांची असल्यामुळें त्याचा ताळा बेरजेहून सोपा असतो. प्रत्येक स्तंभांतील १ या अंकांची संख्या, ताळा धरून, सम व्हावी, असा नियम ठेवावयाचा. क, ख व ग या तीन डिस्कांवरील एकेक बाइट घेऊन पुढील कोष्टक मांडलें आहे :

क : १०११००१०
ख : ०११०११००
ग : ११०१०००१
ताळा : ००००११११

यांतील ख ची ओळ हातानें झांकावी आणि प्रत्येक स्तंभांत १ किती उरले तें मोजावें. संख्या सम आली तर झांकलेला अंक ०, विषम आली तर १. गेलेली ओळ जशीच्या तशी परत उभी राहते. क किंवा ग झांकली तरी तेंच होईल. दोन ओळी एकदम झांकल्या तर मात्र कांहींच सांगतां येणार नाहीं.

चार डिस्कांच्या संचांत मजकुराचे ठराविक लांबीचे खंड पाडून ते एकेका डिस्कवर क्रमानें लिहितात. तीन खंड व त्यांचा ताळा मिळून एक ओळ होते. ताळा नेहमीं एकाच डिस्कवर न ठेवतां प्रत्येक ओळींत त्याची जागा बदलीत जातात, म्हणजे एकाच डिस्कवर भार पडत नाहीं. हा प्रकार ‘रेड ५’ या नांवानें ओळखला जातो. ४ टेराबाइटच्या चार डिस्क यांत घातल्या तर मजकुरासाठीं १२ टेराबाइट जागा मिळते व एक डिस्क गेलेली चालते. ‘रेड ६’ या प्रकारांत निराळ्या गणितानें काढलेला दुसरा ताळाहि ठेवतात. तेथें जागा ८ टेराबाइट उरते, पण दोन डिस्क गेल्या तरी मजकूर वांचतो. ‘रेड १’ म्हणजे एकाची हुबेहूब नक्कल दुसऱ्यावर. ‘रेड ०’ या प्रकारांत ताळाच नसतो. एक डिस्क गेली कीं सर्व गेलें. आपल्या पेटींत यांपैकीं कोणता प्रकार आहे, हें प्रत्येक संग्राहकानें आजच पाहून लिहून ठेवावें.

४. संच मोडतो कसा

एक डिस्क गेली तरी पेटी काम देतच राहते, हा तिचा गुण व हाच तिचा दोष. आमच्या संग्राहकांच्या पेटींतील ख ही डिस्क, विजेच्या कांहीं गडबडीमुळें असावें, संचांतून बाहेर पडली होती. पेटीवर तांबडा दिवा लागला. पेटी कपाटाच्या माथ्यावर होती. दिव्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. फाइली उघडत होत्या, नव्या फाइली जात होत्या, म्हणून कोणास शंका आली नाहीं. असे कित्येक महिने गेले. मग घ या डिस्कवरील कांहीं जागा वाचेनाशा झाल्या, आणि संच बंद पडला.

एकामागून एक डिस्क जाणें हा केवळ दुर्दैवाचा खेळ नव्हे. संचांतील डिस्क बहुधा एकाच वेळीं घेतलेल्या, एकाच वयाच्या व एकाच उष्णतेंत दिवस काढलेल्या असतात. शिवाय जीं छायाचित्रें वर्षानुवर्षें कोणी उघडलीं नाहींत, त्यांची जागा खराब झाली तरी ती वाचण्याचा प्रसंग येईपर्यंत कळत नाहीं. नवी डिस्क घालून संच पुन्हां भरूं लागलें म्हणजे उरलेल्या सर्व डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात. वरील चार डिस्कांच्या संचांत हें वाचन १२ टेराबाइटांचें होतें. घरगुती डिस्कांच्या निर्मात्यांच्या पत्रकांत, एकावर चौदा शून्यें इतके अंक वाचतांना फार तर एक चूक, अशी मर्यादा पुष्कळदां दिलेली असते. इतके अंक म्हणजे १२.५ टेराबाइट. ही मर्यादा कमाल असून प्रत्यक्षांत डिस्क बहुधा तिच्याहून बऱ्या निघतात. तरी ज्या वेळीं चुकीस मुळींच जागा नाहीं, नेमकें त्याच वेळीं सर्वांत मोठें वाचन करावें लागतें, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

५. पहिला नियम

जीर्ण पोथी हातीं आली असतां जाणता मनुष्य तिचीं चिकटलेलीं पानें ओढीत नाहीं. येथेंहि पहिला नियम तोच : मूळावर कांहींहि लिहूं नये. संच बंद पडल्यावर जो मजकूर नष्ट होतो त्यांतील पुष्कळसा यंत्राच्या बिघाडानें न जातां त्यानंतरच्या घाईनें जातो.

पेटी बंद करावी. डिस्क बाहेर काढण्यापूर्वीं कोणती डिस्क कोणत्या खणांत होती त्याची चिठ्ठी तिच्यावर डकवावी व डिस्कवरील अनुक्रमांक कागदावर उतरून घ्यावा. पडद्यावर ‘दुरुस्ती’, ‘नवा संच’ किंवा ‘आरंभीकरण’ अशा आज्ञा दिसतील. त्यांस स्पर्श करूं नये, कारण त्यांपैकीं कांहीं आज्ञा ताळा नव्यानें मांडूं लागतात आणि तो चुकीच्या क्रमानें मांडला गेला तर जुना मजकूर त्याखालीं कायमचा गाडला जातो. जी डिस्क पूर्वींच बाहेर पडली होती ती परत आंत सरकवून पाहूं नये. अनुक्रमणिका तपासून सुधारणारी आज्ञा मूळ डिस्कांवर चालवूं नये. डिस्कमधून टक्‌टक् किंवा खरखर असा आवाज येत असेल, ती पडली असेल अथवा पुराच्या पाण्यांत भिजली असेल, तर तिला वीज जोडूनहि पाहूं नये. घरीं डबी उघडण्याचा मोह तर मुळींच धरूं नये, कारण हेड व तबकडी यांमधील अंतर धुळीच्या कणाहून लहान असतें. अशी डिस्क निर्धूळ खोली असलेल्या कारागिराकडेच गेली पाहिजे. मूळ कागद उरले नसतील तर तो खर्च वाजवीच समजावा.

आमच्या संग्राहकांस एका हितचिंतकानें संच पुन्हां नव्यानें मांडण्याचा सल्ला दिला होता. त्यांनीं तो मानला नाहीं. पुढें जें कांहीं मिळालें तें या एका नकारामुळें मिळालें.

६. नक्कल

दुसरें काम नकलेचें. प्रत्येक डिस्क एकेकटी संगणकास जोडून, तिच्यावर कांहीं लिहिलें जाणार नाहीं अशी तजवीज करून, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत तिची नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरावी. फाइली निवडून उतरूं नयेत. या पायरीवर फाइल म्हणून कांहीं नसतेंच, केवळ अंकांची एक लांब पट्टी असते. सेकंदास १५० मेगाबाइट या गतीनें निरोगी ४ टेराबाइट डिस्कची नक्कल होण्यास सुमारें साडेसात तास लागतात. आजारी डिस्कला कित्येक दिवस लागूं शकतात.

आजारी डिस्ककरितां ‘डीडीरेस्क्यू’ ही मुक्त आज्ञावली फार उपयोगाची आहे. ती प्रथम सहज वाचतां येणारा भाग उतरून घेते, अडलेली जागा सोडून पुढें जाते, आणि सर्व सोपें काम संपल्यावर अडलेल्या जागांकडे लहान लहान तुकड्यांनीं व उलट दिशेनेंहि परत येते. डिस्क मध्येंच मरण पावली तरी तोंपर्यंत जास्तींत जास्त मजकूर हातीं आलेला असावा, हा या क्रमाचा हेतु. याबरोबरच ती एक नकाशाफाइल लिहिते. कोणती जागा वाचली गेली व कोणती गेली नाहीं, याची त्या नकाशांत अंकानिशीं नोंद असते. जाणता नक्कलकार न लागलेल्या अक्षरांच्या जागीं टिंबें देतो, त्याप्रमाणेंच हें आहे. हा नकाशा जिवापाड जपावा, कारण न वाचलेल्या जागीं नकलेंत नुसतीं शून्यें असतात व तीं पुढें खऱ्या मजकुरासारखींच दिसतात.

यापुढील सर्व प्रयोग नकलांवर करावयाचे. त्यांतहि नकलांच्या वर एक पातळ थर घालण्याची सोय लिनक्समध्यें आहे. जें लिहिलें जाईल तें त्या थरांत जातें, खालची नक्कल तशीच राहते; प्रयोग फसला तर थर टाकून द्यावा. चित्रावर अर्धपारदर्शक कागद ठेवून गिरवण्यासारखीच ही रीत आहे.

७. क्रम

सुट्या पानांची पोथी विस्कटली व पत्रांक फाटून गेले, तर प्रथम पानांचा क्रम लावावा लागतो. डिस्कसंचाचेंहि तसेंच आहे. कोणती डिस्क पहिली व कोणती दुसरी, खंडाची लांबी किती, आणि ताळ्याची जागा कोणत्या दिशेनें सरकते, या गोष्टी कळल्याखेरीज नकलांचा कांहीं उपयोग नाहीं. लिनक्सच्या संचांत प्रत्येक डिस्कवर एक लहानशी ओळखनोंद असते. तींत संचाची खूण, त्या डिस्कचें स्थान, खंडाची लांबी, शेवटच्या लिखाणाची वेळ व एक सतत वाढत जाणारा अंक दिलेला असतो. प्रथम ही नोंद वाचून ती कागदावर उतरून घ्यावी.

ती नष्ट झाली असेल तर सर्व क्रम करून पाहणें भाग पडतें. चार डिस्कांचे क्रम २४, पांचांचे १२०, पण आठांचे ४०,३२० होतात. खणांच्या चिठ्ठ्यांचें महत्त्व येथें कळून येतें. क्रम बरोबर लागला कीं नाहीं याची परीक्षा कशी करावी, हें नीट समजून घेतलें पाहिजे. एखादी लहान फाइल उघडली म्हणून हुरळून जाऊं नये. जी फाइल एकाच खंडांत मावते ती चुकीच्या क्रमांतहि निर्दोष उघडूं शकते. परीक्षा मोठ्या छायाचित्रावर करावी. अनेक ओळींवर पसरलेलें मोठें छायाचित्र वरपासून खालपर्यंत स्वच्छ दिसलें, आणि अशीं निरनिराळ्या काळांतलीं पुष्कळ छायाचित्रें दिसलीं, तरच क्रम बरोबर समजावा.

८. जुन्या प्रतीचा उपयोग

आमच्या कामांत ओळखनोंदी शाबूत होत्या. क, ग व घ यांवरील वाढता अंक एकमेकांशीं जुळत होता. ख चा अंक पुष्कळ मागें राहिला होता. याचा अर्थ असा कीं, ख ही जुनी प्रत. तिच्यानंतर इतर तिघींवर महिनोन्‌महिने जें लिहिलें गेलें तें तिला ठाऊक नाहीं. चौघींस सरसकट एकत्र बसविलें असतें तर जुना व नवा पाठ एकमेकांत मिसळून दोन्ही बिघडले असते. म्हणून ख बाजूस ठेवून क, ग व घ या तीन नकलांवरून संच उभा केला. गेलेली चौथी ताळ्यानें भरून निघाली, आणि बहुतेक फाइली दिसूं लागल्या.

परंतु घ वरील ज्या जागा वाचल्या गेल्या नव्हत्या तेथें प्रत्येक ओळींतील दोन खंड नाहींसे होते : एक ख चा व एक घ चा. तेथें ताळा चालेना. या ठिकाणीं बाजूस ठेवलेली ख उपयोगी पडली. ख बाहेर पडल्यानंतर ज्या ओळींवर कोणी कांहींच लिहिलें नव्हतें, त्या ओळींपुरती ती प्रत जुनी असली तरी खरीच होती. छायाचित्रें बहुतेक त्यापूर्वींचीं, आणि एकदां ठेवल्यावर कोणी बदललेलीं नव्हतीं. तेव्हां अशा ओळींत क, ख व ग यांवरून घ चा गेलेला तुकडा काढतां येणें शक्य होतें. ओळ बदलली आहे कीं नाहीं हें कसें ओळखावें? त्याच ओळींतील गेलेल्या तुकड्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या ज्या जागा चारहि डिस्कांवर वाचतां येत होत्या, तेथें चौघींचा ताळा लावून पाहिला. ताळा सर्वत्र जुळला तर ओळ जुनीच असल्याचा बळकट पुरावा. एका जागीं जरी चुकला तरी ख ची साक्ष त्या ओळीपुरती अग्राह्य. याउपर शेवटची परीक्षा म्हणून तें छायाचित्र उघडून डोळ्यांनीं पाहिलें.

ग्रंथांच्या प्रती ताडून पाहणाऱ्यांस यांत नवें वाटण्यासारखें कांहीं नाहीं. जुनी प्रत मागाहूनच्या मजकुराविषयीं मुकी असते, पण तेवढ्यानें ती टाकाऊ होत नाहीं. तिचा काळ ओळखून, तिला जें ठाऊक असणें शक्य आहे तेवढेंच तिला विचारावें. संचांतून बाहेर पडलेली डिस्क पुष्कळ लोक फेंकून देतात किंवा कोरी करून पुन्हां वापरतात. काम पुरें होईपर्यंत तसें करूं नये.

९. नांवें गेलेलीं छायाचित्रें

फाइलींचीं नांवें व त्या कोठें आहेत याची अनुक्रमणिका डिस्कवर स्वतंत्र ठेवलेली असते. नवी फाइल आली कीं ती बदलते. म्हणून तिच्या जागेच्या ओळींविषयीं ख ची जुनी साक्ष लागू पडली नाहीं. घ च्या खराब जागांपैकीं कांहीं नेमक्या याच भागांत होत्या. अनुक्रमणिका तपासणारी आज्ञा आम्हीं नकलेवर चालविली, तेव्हां कित्येक छायाचित्रें ‘लॉस्ट अँड फाउंड’ नांवाच्या कोठडींत, नांवाऐवजीं नुसता आंकडा घेऊन, जमा झालीं. इतर कांहींचा तोहि पत्ता लागला नाहीं.

अशा वेळीं शेवटचा उपाय म्हणजे अनुक्रमणिका सोडून देऊन मजकुरांतच फाइलींच्या खुणा शोधणें. प्रत्येक जातीच्या फाइलीचा आरंभ ठराविक असतो. जेपेग छायाचित्र सोळा-पायाच्या लिपींत ‘एफएफ डी८ एफएफ’ या अंकांनीं सुरू होतें. टिफ छायाचित्राचा आरंभ ‘४९ ४९ २ए ००’ किंवा ‘४डी ४डी ०० २ए’ असा असतो. ‘फोटोरेक’ ही आज्ञावली अशा खुणांवरून फाइली वेंचून काढते. फाइलीचे तुकडे दूर दूर पडले असतील तर ही रीत फसते, आणि साधली तरी नांव व पत्ता मिळत नाहीं.

नांव जाणें ही संशोधकाच्या दृष्टीनें लहान हानि नव्हे. हें पत्र कोणत्या वाड्यांतील, कोणत्या रुमालांतील व कोणत्या कागदाच्या शेजारचें, हें कळलें नाहीं तर त्याचें पुराव्याचें मोल निम्म्यानें उतरतें. आमच्या संग्राहकांची एक जुनी सवय येथें कामास आली. छायाचित्रें घेतांना ते रोज एका वहींत तारीख, रुमालाचा क्रमांक, कागदांची संख्या व छायाचित्रांची संख्या शाईनें लिहीत असत. कॅमेरा छायाचित्राच्या पोटांतच त्याची तारीख व वेळ लिहून ठेवतो. ती फाइलीच्या नांवाबरोबर जात नाहीं. वेळेच्या क्रमानें छायाचित्रें लावून तीं वहीशीं ताडून पाहिलीं, तेव्हां निनांवी झालेल्यांपैकीं बहुतेकांस आपला रुमाल परत मिळाला. संगणकाचा मजकूर ओळखण्यास अखेर शाईची वही साक्षीस उभी राहिली.

१०. जें मिळालें नाहीं

सर्वच परत आलें असें नाहीं. ज्या ओळींविषयीं कोणत्याच प्रतीची साक्ष घेतां येईना, तेथील छायाचित्रें त्रुटित राहिलीं. जेपेग जातीच्या छायाचित्रांत मजकूर दाबून बसविलेला असल्यामुळें मध्यें लहानसें भगदाड पडलें तरी त्याखालचा सर्व भाग करडा पडतो किंवा सरकतो. न दाबलेल्या टिफ छायाचित्रांत तेवढाच पट्टा जातो व बाकीचें पत्र वाचतां येतें. अस्सल प्रत टिफ जातीची ठेवावी, असें आम्ही सुचवितों त्याचें एक कारण हें आहे.

त्रुटित छायाचित्रांस रंग भरून तीं सारखीं करण्याचा आम्हीं प्रयत्न केला नाहीं. कोणतें छायाचित्र अखंड आलें, कोणत्यांतील तुकडा ख च्या साक्षीनें भरला, कोणाचें नांव वहीवरून ठरविलें, व कोणतें अपुरें राहिलें, याची यादी करून ती संग्रहास जोडली. पुढें कोणी या कागदांवर लिहील त्यास आपण कशावर विसंबून आहों हें कळलें पाहिजे. तर्कानें भरलेला पाठ वेगळा दाखविण्याची जी शिस्त छापील ग्रंथांत पाळतात, ती येथें सोडण्यास कांहींच कारण नाहीं.

११. संच म्हणजे दुसरी प्रत नव्हे

इतक्या खटाटोपानंतर एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. डिस्कसंच हा डिस्कच्या मरणावर उपाय आहे. चुकीवर, चोरीवर, आगीवर वा पाण्यावर नाहीं. चुकून पुसलेली फाइल संच चारहि डिस्कांवरून तितक्याच इमानानें पुसतो. मोठ्या संस्थाहि यांतून सुटत नाहींत. जपानांतील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर १४ ते १६ डिसेंबर २०२१ या दिवसांत सुमारें ७७ टेराबाइट मजकूर, म्हणजे सुमारें ३ कोटि ४० लक्ष फाइली, नाहींशा झाल्या. तेथें डिस्क मेल्या नव्हत्या. बॅकअपच्या आज्ञावलीनें जुन्या अनावश्यक नोंदी पुसावयाच्या होत्या. ती चालू असतांनाच तिची नवी आवृत्ति तिच्या जागीं लिहिली गेली, आणि तिनें संशोधकांच्याच फाइली पुसल्या. १४ संशोधक-गटांचें नुकसान झालें, व त्यांपैकीं ४ गटांचा मजकूर परत मिळूं शकला नाहीं.

तेव्हां प्रती तीन असाव्यात. त्या दोन निराळ्या जातींच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. त्यांपैकीं एक प्रत एरवीं संगणकापासून तोडून ठेवावी. पेटीस महिन्यांतून एकदां सर्व मजकूर वाचून ताळा तपासण्यास सांगतां येतें. ती सोय चालू ठेवावी, व तांबडा दिवा लागल्यास कोणाच्या तरी नजरेस पडेल अशा जागीं पेटी ठेवावी. प्रत्येक छायाचित्राचा ‘शा-२५६’ या रीतीनें काढलेला ६४ अक्षरांचा ठसा एका यादींत ठेवावा. छायाचित्रांतील एक अंक जरी बदलला तरी ठसा निराळा येतो, त्यामुळें मागाहून मिळालेली प्रत अस्सल कीं बिघडलेली हें क्षणांत ठरतें. पेटी कुलुपी लिपींत लिहीत असेल तर तिची किल्ली कागदावर उतरून वेगळी ठेवावी. ती हरवली तर वरील कोणताच उपाय चालत नाहीं.

१२. उपसंहार

ज्या कागदांचा लगदा झाला त्यांचीं बहुतेक छायाचित्रें आज तीन ठिकाणीं सुरक्षित आहेत. त्यांपैकीं एक ठिकाण दुसऱ्या गांवीं आहे. संग्राहकांनीं आपल्या शाईच्या वहीचींहि छायाचित्रें घेतलीं आहेत, आणि ती वही मात्र कपाटांत जशीच्या तशी ठेवली आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशा पेट्या आहेत त्यांनीं हा लेख मिटल्यावर उठून प्रथम पेटीवरील दिव्याचा रंग पाहावा, आणि मग दोन कागद शोधावेत : कोणत्या खणांत कोणती डिस्क आहे त्याचा एक, व कोणत्या रुमालाचीं छायाचित्रें कोठें आहेत त्याचा दुसरा. ते नसतील तर आजच लिहावेत, व ते पेटीपासून दूर ठेवावेत.